अक्का, पाणी पुढे काढलं

अक्का, आधी हेच सांगून टाकते. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तू आठवडाभर माझ्याशी बोलली नसतीस. न्हाणीचं पाणी मी पुढे काढलं. न्हाणीची फरशी फोडली, स्वयंपाकघर फोडलं, पुढची खोली फोडली, दारापुढच्या ओट्याखालून पाइप नेला आणि गल्लीतल्या गटारीला जोडला. तू नको म्हणाली होतीस. तू नसताना केलं, म्हणजे तुझ्या भाषेत चोरून केलं. आता काय बोलायचं ते बोल.

दमले आहे मी. तुझा तेरावा झाला, गावाकडची माणसं आपापल्या गाड्यांनी परत गेली, उसन्या आणलेल्या सतरंज्या मी परत केल्या आणि दोन दिवसांत घरात पहार सुरू झाली. अजूनही दोन्ही खोल्यांच्या मधोमध ओल्या सिमेंटचा पट्टा आहे, त्यावर फळ्या टाकल्यात, आणि नाना फळीवरून चालताना दर वेळी खाली बघतात. माझी पोरं मात्र मजेत उड्या मारतात. भाकरीत कचकच लागते, अंथरुणात लागते. धागे कापायला आलेल्या साड्यांचं गाठोडं भिंतीशी तसंच पडून आहे. मालकाचा माणूस काल येऊन काही न बोलता परत गेला. आपल्या गल्लीत एवढी अदब कुणाला आहे हे तू गेल्यावर कळतंय.

मला या घरात आल्याची पहिली सकाळ आठवते. लग्न होऊन इथे सुरतेत, डिंडोलीला आले, अंगावरची हळद निघाली नव्हती, आणि तू मला म्हणालीस, चल, आंघोळ करून घे. मी न्हाणी शोधत राहिले. तू ओट्यावर नेलंस. संडासाची एक भिंत आणि बाकी तिन्ही बाजूंनी गोणपाट, वर आभाळ. गल्लीतून दूधवाला चाललेला, रात्रपाळी संपवून माणसं परत येत होती, समोरच्या ओट्यावर कुणीतरी दात घासत होतं. माझे पाय हलेनात. तू गोणपाटाकडे पाठ करून उभी राहिलीस, पदर दोन्ही हातांनी पसरलास आणि म्हणालीस, "कर, कर. मी शे."

मी आहे, एवढंच सांगणारी ती दोन अक्षरं मी किती वर्षं ऐकली. मी आत, तू बाहेर. मग तू आत, मी बाहेर. वारा सुटला की आतली एका हाताने गोणपाट धरायची आणि एका हाताने तांब्या. डोक्यावरून न्हायचं म्हणजे तर लढाईच. आपल्या दोघींचं जे काही होतं ते त्या ओट्यावर झालं, अक्का. सासरच्या घरात दोन जावांनी एकमेकींना पाण्यात पाहायचं असतं म्हणे. आपल्याला ते परवडणारं नव्हतं. ज्या बाईच्या भरवशावर मी अंगावरचे कपडे काढत होते तिच्याशी किती वेळ धुसफूस करणार?

नाही, भांडलो पुष्कळ. तुला घर सजवायचा नाद, आणि मला त्या नादाचा वैताग. तुझे नाना आणि आमचे हे, दोघे भाऊ उधन्याला लूमवर कामाला, घरी आपण साड्यांचे धागे कापायला बसायचो. साडीच्या उलट्या बाजूला सुटलेले धागे कात्रीने कापायचे, घडी घालायची, गठ्ठा बांधायचा. सगळ्या जगाला ते धागे म्हणजे कचरा. तू ते पोत्यात भरून ठेवलेस आणि त्यांच्या उशा केल्यास. काय उशा होत्या त्या! थंडीत डोकं उचललं की केस ताठ उभे राहायचे आणि तडतड आवाज यायचा. हे म्हणायचे, वहिनीने उशीत वीज भरली आहे. तू म्हणायचीस, बिल येत नाही ना, मग झोपा.

पडद्याचं तसंच. छपाईत बिघडलेली साडी तू मालकाकडून मागून आणलीस. फुलाची रेघ एकीकडे आणि रंग दुसरीकडे सरकलेला. मी म्हटलं, अक्का, हे बघून चक्कर येते. तू दोन तुकडे केलेस, वर नाडी ओवायला जागा शिवलीस आणि पुढच्या खोलीच्या खिडकीला लावून टाकलेस. तुझ्या संगीच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले तेव्हा तिच्या सासूने त्याच पडद्याकडे पाहून विचारलं, हे नवीन निघालं आहे का सुरतेत? तू माझ्याकडे एक नजर टाकलीस. त्या नजरेचं मी काय करू आता, सांग.

आणि भिंतीवरचा वेल. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन तू त्यात पानं कापलीस, चुन्यात नीळ आणि जरासा डिंक कालवलास, फाटक्या स्पंजाने थोपटत थोपटत दारापासून देवघरापर्यंत वेल नेलास. कोपऱ्यात पुठ्ठा भिजून फाटला म्हणून तिथलं एक पान दुप्पट जाड झालं. मी म्हटलं, पुसून परत काढ. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. झाडलेबी एखादं पान जाड ऱ्हास." घरात पैसा नव्हता, पण माणसाने उघड्याबोडक्या भिंती बघत का जगायचं, असं तुझं म्हणणं. मला तेव्हा ते चोचले वाटायचे. आज त्या भिंतीकडे बघून बरं वाटतं, एवढं तुला सांगायला हवं होतं.

संगीला दिवस गेल्याचा निरोप आला त्या दिवशी तू घरभर गूळ वाटलास आणि दुपारी ओट्यावर जाऊन उभी राहिलीस. बराच वेळ गोणपाटाकडे बघत होतीस. मला वाटलं, आनंदाने डोळे भरून आले असतील. तू आत आलीस, कात्री उचललीस आणि म्हणालीस, "मनी पोर बायतपणले गोणपाटना आड न्हानार नही."

तुझं खरंच होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बाळंतीण म्हटली की तेल, शेक, कढत पाणी, पाटावर बसवून न्हाऊ घालणं. मग बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं. पाचवीची पूजा न्हाणीत मांडायची. हे सगळं ओट्यावर, दूधवाल्यासमोर? मी माझ्या दोन्ही बाळंतपणांना गावाकडे आईपाशी गेले होते. संगीचं माहेर मात्र हेच होतं, या दोन खोल्या. तुला दुसरीकडे कुठे नेता येणार नव्हतं तिला.

नानांनी आधी नाही म्हणूनच सांगितलं. लोक सात-आठ महिन्यांत घर बांधतात का, म्हणाले. तू म्हणालीस, घर नको, कोपरा द्या. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीशी मांडणी होती तो कोपरा. मांडणी तू स्वतः ओढून बाजूला केलीस आणि खडूने जमिनीवर रेघ मारलीस. आपण दोघी त्या रेघेच्या आत बसून बघितलं, एक न्हाणारी, एक न्हाऊ घालणारी, मधे घंगाळं, बाजूला बादली. तुझा गुडघा रेघेबाहेर जात होता. रेघ पुसून वीतभर पुढे घेतलीस. आमचे हे दारात उभे राहून हसत होते. दोन पोक्त बायका कोरड्या जमिनीवर बसून हवेत तांब्या ओतत होत्या, हसणार नाहीत तर काय!

टाइल्सचं डोकं तुझंच. उधन्याच्या रस्त्याला त्या टाइल्सवाल्याच्या दुकानामागे फुटक्या टाइल्सचा ढीग पडलेला तू येता-जाता बघून ठेवला होतास. इथले लोक गच्चीवर त्याच तुकड्यांची फरशी करतात, ऊन कमी लागतं म्हणून. तू म्हणालीस, गच्चीवर चालतं तर भिंतीवर का नाही? दुकानदाराशी तू जे गुजराती बोललीस ते ऐकून मी तोंडात पदर कोंबला. "भाई, मारी पोरगी बाळंतीण आवानी छे, थोडा तुकडा आपो ना, देव तुमले सुखी ठेवी." तीन भाषा एका दमात. तो बिचारा हसला आणि म्हणाला, "लई जाव, बेन, लई जाव." आपण फेऱ्या मारमारून पिशव्या आणल्या. मोठे तुकडे तू गोणपाटात गुंडाळून वरवंट्याने फोडायचीस. बोटांना चिंध्या बांधल्यास तरी कापायचंच.

मी म्हणत होते, पांढरे वेगळे काढू, भिंत पांढरी करू, स्वच्छ दिसेल. तुला सगळे रंग हवे होते. धनराज मिस्त्री, आपल्याच गावाकडचा, थापी हातात घेऊन दोघींकडे आळीपाळीने बघत उभा. शेवटी तू त्याला बाजूला केलंस आणि स्वतः पांढऱ्या सिमेंटात तुकडे बसवायला लागलीस. निळा, त्याला लागून तपकिरी, त्याला लागून फुलाचं अर्धं देठ. मी म्हटलं, ही खिचडी झाली. तू मागे वळूनही न बघता म्हणालीस, "खिचडीच शे. पोट भरस ना?"

जमिनीला मात्र तू एकही टाइल लागू दिली नाहीस. ओल्या बाळंतिणीचा पाय घसरतो म्हणून खाली खरबरीत कोटा दगड, तोही पॉलिश न केलेला. शिकेकाई आणि तेलाची वाटी ठेवायला बसल्या जागी हात पुरेल असा कोनाडा. वाफ जायला वर सिमेंटची जाळी, पण उभा माणूस डोकावू शकणार नाही इतकी उंच. भंगारातून आणलेलं पत्र्याचं दार, त्याला आतून बाहेरून हिरवा रंग. तू एवढा विचार केला होतास, अक्का. म्हणून तर त्या उताराचं अजून डोक्यात बसत नाही.

धनराजने सरळ सांगितलं होतं, "अक्का, गटार पुढे शे. ढाय पुढेच देना पडी." प्लेगच्या धास्तीनंतर सगळीकडे गटारी झाल्या तशी आपल्या गल्लीतही झाली होती, पक्की, ओट्याला लागून. पाणी तिकडे न्यायचं तर दोन्ही खोल्या खणून पाइप टाकायला हवा. तू ऐकायला तयार नाहीस. खणायच्या खर्चाचं कारण तू पुढे केलंस, पण मला ठाऊक होतं, खरं कारण दुसरं होतं. बाळंतिणीच्या अंगावरचं पाणी कुणी ओलांडू नये. गावाला न्हाणी मागे असते, पाणी परसात जातं, तिकडे कुणी पाय ठेवत नाही. अळू आणि केळी ते पाणी पिऊन टाकतात. इथे पुढे काढलं तर ते पाणी आपल्या देवघरासमोरून, आपल्या पायाखालून जाणार, आणि ओट्याखालून गटारीत, जिच्यावरून सगळी गल्ली येते-जाते. तुझ्या मनात एकच, माझ्या लेकीच्या न्हाण्याचं पाणी गल्ली तुडवणार? "पानी मांगेच जाई," तू म्हणालीस. विषय संपला.

मागे परस कुठे होता, अक्का? मागे जसुबेनच्या घराची मागची भिंत. तिची भिंत आणि आपली भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट, तीही विटांच्या तुकड्यांनी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी भरलेली. तुझं म्हणणं, खाली माती आहे, माती पिऊन घेईल. आणि खरंच पिऊन घ्यावं म्हणून तू काय केलंस? भिंतीला पाडलेल्या भोकातून कोपरापर्यंत हात घातलास आणि त्या फटीत अळूचा कंद पुरलास. ऊन नाही, वारा नाही. मी डोक्याला हात लावला. पण तुझा चेहरा इतका गंभीर होता की मला हसताही येईना. तीस वर्षांची सुरत एका बाजूला आणि तुझं परस एका बाजूला.

पहिली बादली ओतायला तू नारळ फोडलास, जाळीखाली कुंकवाची बोटं ओढलीस. पाणी शहाण्यासारखं मागे गेलं, भोकातून बाहेर पडलं. तू माझ्याकडे विजयी नजरेने बघितलंस. चार दिवस सगळे तिथे न्हाले. नानांनी आत गाणं म्हटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण त्यांना गाताना ऐकलं. मग एक दिवस जसुबेन दारात उभी, हातात पिठाचा डबा, डब्याचं बूड ओलं. "सुमनबेन, तमारुं पाणी मारा रसोडामां आवे छे!"

तू तिला आत घेतलंस, चहा दिलास, तिच्या डब्यातलं पीठ बदलून दिलंस. "बेन, थोडा दिवस खमी जाव. अळू मोटा थशे तो पी जशे." जसुबेनला अळू कुठून काय, काही कळलं नाही. पण बाई भली. तिनं डबे फळीवर ठेवले आणि गेली. त्यानंतर आपल्या न्हाणीत कुणी जास्त पाणी ओतलं की पलीकडून भिंतीवर ठकठक व्हायची. मी तुला म्हटलं, फोडू या, अजून संगी यायची आहे तोवर होऊन जाईल. तू म्हणालीस, "पानीले सवय व्हई जाई." मी म्हटलं, पाण्याला सवय होत नसते, अक्का, ते पाणी आहे. तू म्हणालीस, "तुले काय समजस?" रोज हेच. भाकरी थापताना हेच, धागे कापताना हेच. शेवटच्या दिवशी सकाळीही हेच.

त्या दिवशी दुपारी आपण समोरासमोर बसलो होतो. तुझ्या मांडीवर जांभळी साडी होती. तू म्हणालीस, संगी आली की तिलाच विचारू, पाणी कुठे काढायचं ते. मी म्हटलं, ती तुझीच पोर, ती तुझीच री ओढणार. तू हसलीस, मग छातीवर हात ठेवलास आणि पाणी मागितलंस. मी तांब्या घेऊन आले तेव्हा कात्री हातात होती आणि तू भिंतीला टेकली होतीस. रिक्षा आली, नाना आले, डॉक्टरने बघितलं. तू तोवर गेली होतीस. एवढंच. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

संगीला आणलं नाही, हे तुला कळायला हवं. गर्भारशी बाईने मयत बघू नये, म्हणून तिच्या सासरी दोंडाईच्याला आधी नुसतं आई आजारी आहे म्हणून कळवलं. खरं सांगितलं ते दहाव्यानंतर. तिच्या सासूने सांगितलं आणि लगेच बजावलं, रडायचं नाही, पोटातल्या जिवाला त्रास होतो. तिच्यासाठीच म्हणत होते सगळे. मीही फोनवर तेच म्हटलं. पलीकडून संगी म्हणाली, "हो काकू." दुकानात फोन होता, मागे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता. ती दुसरं काय म्हणणार?

आपली नणंद तेराव्याला थांबली होती. तिला मी बोलून गेले की न्हाणी फोडून पाणी पुढे काढणार आहे. तिने कानावर हात ठेवले. "वरीस नही व्हयनं अजून, आन घर फोडतस? मरेल मानूसनी विच्छा तं ठेव." तुझी इच्छा काय होती ते तिला सांगत बसायचं त्राण माझ्यात नव्हतं. वर्षभर घरात काही नवं करू नये, हे मलाही कळतं. पण संगीचे महिने भरत आले होते, ते बाळ काही आपलं वर्ष मोजून येणार नव्हतं. जसुबेनच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले होते. बाळंतपणात रोज दोन वेळा कढत पाण्याच्या बादल्या ओतायच्या आणि पलीकडून ठकठक झाली की हात आखडता घ्यायचा? तुझ्या लेकीला निम्म्या पाण्यात न्हाऊ घालायचं? मी नानांपुढे जाऊन बसले. सगळं सांगितलं.

"सुमन वरडी," नाना म्हणाले.

"ओरडू दे," मी म्हटलं.

त्यांनी तोंड फिरवलं. मग म्हणाले, "फोड."

धनराजने एकट्याने खणलं. घरात माणसं येत होती, तुझ्यासाठी बसायला येणाऱ्या बायका फळीवरून तोल सांभाळत आत यायच्या, कुणी काही बोलायच्या, कुणी नुसत्या बघायच्या. मला राग यायचा त्यांचा आणि त्यांच्यात बसवतही नसे. देवघराखालून पाइप नेताना धनराज थांबला, माझ्याकडे बघितलं. मी देव उचलून मांडणीवर ठेवले आणि म्हटलं, ने. काय करू? तुझ्यासारखी श्रद्धा मला नाही, आणि तुझ्या श्रद्धेशी भांडायला तूही नाहीस. भांडून जिंकले असते तर मला समाधान झालं असतं. हे असं जिंकण्यात काही नाही, अक्का. तू समोर बसून एकदा तरी म्हणायला हवं होतंस की चल, फोड.

उतार उलटा करताना मागच्या भिंतीची खालची ओळ निघाली. तू बसवलेले तुकडे. पिशवीत तळाशी उरलेले होते ते मी घेतले आणि धनराजला बाजूला करून स्वतः बसवले. सिमेंट आधी पातळ झालं, मग घट्ट. माझी ओळ वाकडी आली आहे. पांढरे तुकडे एकाशेजारी एक लावायचे ठरवलं होतं, पण हाताला सापडतील तसे लावत गेले. तुझ्या खिचडीच्या खाली माझी खिचडी. आता कळतं, तुकडे निवडत बसलं तर सिमेंट वाळून जातं.

काल संगी आली. जावईबापू घेऊन आले, तिला सोडून दुपारच्या गाडीने परत गेले. पोट खाली उतरलं आहे तिचं, चेहरा सुकला आहे. दारातच गल्लीतल्या बायकांनी घेरलं. एक मिठी मारायची आणि त्याच दमात म्हणायची, रडू नको बाई, रडू नको. दुसरी तेच. जसुबेनही आली, "रडवानुं नहीं, दीकरी." संगी मान हलवत होती. ती फळीवरून आत आली, खणलेला पट्टा बघितला, भिंतीवरचा वेल बघितला. तुझ्या जागेवर बसली नाही, बाजूला बसली. चहा प्यायली. जेवली. नानांनी विचारलं, गाडीत गर्दी होती का? ती म्हणाली, बसायला मिळालं. बापलेकींचं एवढंच बोलणं झालं. पोरं तिच्याकडे टकामका बघत होती, हे उगाच आतबाहेर करत होते. या दोन खोल्यांत एवढी माणसं आणि सगळी तिच्या तोंडाकडे बघणारी. ती कुणाकडेच बघत नव्हती.

आज सकाळी मी बंब पेटवला. म्हटलं, बाळंतपणाला अजून थोडे दिवस आहेत, पण पहिल्या दिवसापासून मी न्हाऊ घालीन. तेलाची वाटी घेऊन उठले तर संगी म्हणाली, "काकू, आज मी माझी करते." आत गेली. हिरवं दार ओढून घेतलं, कडी लावली.

आधी काहीच आवाज नाही. मग बादलीत तांब्या बुडाल्याचा, पाणी ओतल्याचा. मग पुन्हा शांत. आणि मग, अक्का, ती ओरडली. "आई" म्हणून. त्या एवढ्याशा जागेत आवाज कसा घुमला म्हणून सांगू! पाणी ओतत होती आणि रडत होती, हुंदके नाहीत, गळा काढून, गावाकडे बायका रडतात तशी. हे दचकून दाराशी धावले, पडली की काय म्हणून हात उगारला ठोकायला. मी त्यांचा हात धरला. पोरांना बाहेर पिटाळलं. नाना खांद्यावर टॉवेल टाकून आंघोळीला थांबले होते, त्यांची लूमवरची पाळी सुरू व्हायला वेळ थोडा उरला होता. ते खाली बसले. मागच्या भिंतीपलीकडे जसुबेनच्या भांड्यांचा आवाज बंद झाला.

मी म्हटलं, "नाना, तुम्हाला उशीर होईल."

"होऊ दे," नाना म्हणाले. "तिले करू दे."

कुणी तिला गप्प राहा म्हटलं नाही. तिच्या पोटातल्या जिवाला काय वाटलं असेल ते त्याला माहीत, पण तुझ्यानंतर या घरात पहिल्यांदाच कुणीतरी मनासारखं केलं. पाणी संपलं तेव्हा मी बंबातलं आणखी काढून दारात बादली ठेवली आणि मागे सरले. हिरवं दार थोडं उघडलं, ओला हात आला, बादली आत गेली. कडी पुन्हा लागली.

पुष्कळ वेळाने ती बाहेर आली. केसांना टॉवेल, डोळे सुजलेले, पण चेहरा तिचा वाटत होता. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "काकू, पाणी मस्त गरम होतं." मी म्हटलं, "हो." नाना घाईघाईने आंघोळ उरकून, जेवणाचा डबा न घेताच निघाले. हेही गेले. पोरं शाळेला गेली. संगी पडली आणि तिला लगेच डोळा लागला.

तू गेलीस त्या दिवशी बायका रडत होत्या तेव्हा मी चहाचं आधण बघत होते, अक्का. मग साखर संपली. मग कुणाला कुठे झोपवायचं ते आलं. मग पहार, सिमेंट, फळ्या. आज भांडी तशीच पडली होती, बंबात पाणी उरलं होतं आणि कुणी मला हाक मारत नव्हतं.

मी टॉवेल घेतला, आत गेले आणि कडी लावली.